गाणे कुणाचे?

परळ-लालबागच्या एखाद्या चाळीतील लहानशी खोली. खिडकी लावून घेतलेली आणि पंखाही बंद, कारण त्याची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते. एक तरुण पेटी पुढे घेऊन गात आहे आणि समोर ठेवलेला मोबाईल ते गाणे टिपून घेत आहे. घरबसल्या तयार होणाऱ्या अशा कार्यक्रमाला हल्ली 'पॉडकास्ट' म्हणतात. आकाशवाणीच्या कार्यक्रमासारखी त्याला ठराविक वेळ नसते. ऐकणाऱ्याला सवड होईल तेव्हा तो ऐकतो. त्यात गायक दोन गाणी स्वतःची म्हणतो आणि चार दुसऱ्यांची.

यावर कित्येक जाणती माणसे नाक मुरडतात. दुसऱ्याचे गाणे म्हणणे ही उसनवारी होय, असे त्यांचे मत. परंतु हा आक्षेप याच गिरणगावात टिकणार नाही. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. डफ-तुणतुण्याच्या साथीवर त्यांची गाणी कामगारांच्या वस्त्यांतून घुमू लागली. बार्शीचे अमर शेख स्वतः कवी होते. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे काव्यसंग्रह. तरीही अण्णा भाऊंच्या रचना आपल्या पहाडी आवाजात गाताना त्यांना उणेपणा वाटला नाही. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड पोटासाठी मुंबईस आलेल्या आणि घरधनीण गावी ठेवून आलेल्या माणसाचे दुःख सांगते, आणि ते दुःख संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी नेऊन भिडवते. ती नुसती कागदावर राहिली असती, तर ज्यांच्यासाठी लिहिली त्यांतील पुष्कळांना ती वाचताही आली नसती. दुसऱ्याचा कंठ लाभला म्हणूनच ती घरोघर पोचली.

खरी अडचण निराळीच आहे. ऐकणाऱ्याच्या कानात गायकाचा आवाज राहतो. लिहिणाऱ्याचे नाव मात्र वाटेत गळून पडते.

जुन्या कवींनी यावर तोड काढली होती. अभंगाच्या अखेरच्या चरणात ते आपले नाव गुंफून ठेवीत. चाळीतल्या गाळ्यात रात्री भजन रंगे, तेव्हा अक्षरओळख नसलेला गिरणी कामगारही अभंग नामदेवांचा, जनाबाईंचा की तुकोबांचा हे बिनचूक सांगे. नाव गाळावे म्हटले तर अभंगच तुटायचा! (जात्यावरच्या ओव्यांना हे भाग्य क्वचितच लाभले, त्या रचणाऱ्या असंख्य बायका निनावीच राहिल्या.) आजच्या गीतात अशी नाममुद्रा नसते. ते अमक्या गायिकेचे गाणे म्हणून ओळखले जाते. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, हे फारसे कुणी विचारीत नाही. म्हणून जे काम पूर्वी अखेरचा चरण करी, ते आता गाणाऱ्याच्या मुखाने झाले पाहिजे.

कायदाही कवीच्या बाजूचा आहे. आपल्या देशाचा स्वामित्व हक्काचा कायदा 1957 चा. आज लागू असलेल्या तरतुदीप्रमाणे कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. अण्णा भाऊ 18 जुलै 1969 रोजी वारले; तेव्हा त्यांच्या रचनांवरील हक्क 2029 च्या अखेरपर्यंत राहील. तोवर परवानगी घेणे हे ओघानेच आले. शिवाय हक्क विकून टाकला तरी 'ही रचना माझी' असे म्हणण्याचा कवीचा अधिकार जात नाही. ज्या अण्णा भाऊंनी कित्येक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत काढली, त्यांच्यापाशी याहून मोठी मिळकत कोणती होती?

नावे सांगत बसल्यास श्रोते कंटाळतात, अशी सबब पुढे केली जाते. ती पटण्यासारखी नाही. तोच गायक स्वतःचे नाव आरंभी एकदा आणि शेवटी एकदा आवर्जून सांगतो, तेव्हा कुणी कंटाळल्याचे ऐकिवात नाही.

स्वतः रचलेल्या गाण्यालाही हाच न्याय लावावा. शब्द आपले असले तरी चाल पुष्कळदा एखाद्या कोळीगीताच्या किंवा लावणीच्या वळणावर गेलेली असते. गायकाला ते ठाऊक असते. श्रोत्यालाही ते कळू द्यावे.