विमानतळाजवळचा लॉज : खोली विकायची की रात्र?

शिर्डीच्या विमानतळाबद्दल वर्तमानपत्रांत बरेच काही छापून येते. नवी विमानसेवा सुरू झाली, धावपट्टी वाढणार, टर्मिनल मोठे होणार, अशा त्या बातम्या असतात. आम्हाला आज लिहायचे आहे ते विमानतळाच्या फाटकाबाहेरच्या धंद्याविषयी. निमित्त आमच्याच वाट्याला आलेल्या एका रात्रीचे आहे.

आम्हाला नगरहून (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) एका लग्नासाठी हैदराबादला जायचे होते. विमान सकाळचे होते. नगर-मनमाड रस्त्याने पहाटे निघून वेळेवर पोहोचू, अशी हमी त्या रस्त्याने हाडे खिळखिळी करून घेतलेला माणूस देणार नाही. उड्डाणाच्या तासभर आधी विमान कंपनीचा काउंटर बंद होतो, मग कोणाची रदबदली चालत नाही. बरोबर घरातले वडीलधारे माणूस होते. म्हणून आदल्या रात्री तिकडेच मुक्काम करायचे ठरवले व फोनवरून एक लॉज पक्का केला. लॉजच्या नावातच 'एअरपोर्ट' होते. भाडे नऊशे रुपये.

रात्री नऊला पोहोचल्यावर कळले की, लॉज शिर्डी गावाच्या कडेला आहे आणि विमानतळ तेथून बारा किलोमीटरवर. खोलीबद्दल आमची तक्रार नाही. चादर धुतलेली होती, पंखा फिरत होता. नऊशे रुपयांत याहून जास्त मागणे रास्त नव्हे. खरी गंमत पहाटे झाली. गेटला कुलूप, काउंटरवरचा मुलगा गाढ झोपेत, गरम पाणी सहानंतर, चहा सातनंतर. गाडीचे विचारले तर आठशे रुपये! खोली नऊशेची आणि बारा किलोमीटरची जीप आठशेची, हा कुठला हिशेब?

शेवटी कुलूप उघडून घेऊन समोरच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्याने वडिलांना बाकावर बसवले, तोंड धुवायला गरम पाणी दिले, चहा दिला आणि ओळखीच्या गाडीवाल्याला हाक मारून चारशेत सौदा ठरवून दिला. विमान मिळाले. टपरीवाल्याने पैसे घेतले ते फक्त चहाचे.

लॉजवाल्याने आम्हाला खोली विकली. आम्हाला विकत घ्यायचे होते ते पहाटे पाच ते सातचे दोन तास, आणि ते त्याच्या दुकानात नव्हतेच. विमानतळाजवळ मुक्काम करणाऱ्या मुसाफिराला भिंती, टी. व्ही., पडदे यांचे फारसे अगत्य नसते. विमान चुकणार नाही, एवढा भरवसा त्याला हवा असतो. हा भरवसा हाच या धंद्यातला माल आहे, असे आमचे मत आहे.

ही कल्पना नवी नाही. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात रस्त्यांवर दर दोन कोसांना सराया बांधल्या. तेथे हिंदू व मुसलमान दोघांच्या मुक्कामाची वेगवेगळी सोय होती, पाणी, खाट व जनावरांसाठी वैरणही मिळत असे. म्हणजे मुसाफिराबरोबर त्याच्या घोड्याचीही सकाळ सांभाळली जाई. अमेरिकेत मोटारवाल्यांसाठी रस्त्याकाठी असे पहिले मुक्कामघर १९२५ साली कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे निघाले आणि 'मोटार' व 'हॉटेल' मिळून 'मोटेल' हा शब्द झाला. पुढे हा धंदा मोठ्या प्रमाणावर गुजरातच्या पटेल कुटुंबांनी उचलला. घरचीच माणसे मोटेलात राहणार, नवरा काउंटरवर, बायको चादरी बदलणार, मुले शाळेतून आली की हाताखाली! १९८९ साली त्यांनी अटलांटात आपली संघटना उभारली आणि आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक हॉटेले आपल्या सभासदांची आहेत, असे ती संघटना सांगते. त्यांच्यापाशी पहिल्या दिवशी भांडवल बेताचेच होते. पण रात्री दोन वाजता घंटी वाजली तर उठणारा माणूस घरचा होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हा विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुरुवातीची काही वर्षे कारभार दिवसाउजेडीच चाले. रात्रीच्या उड्डाणांना परवानगी मिळाली ती २०२३ मध्ये. उशिरा उतरणारा आणि लवकर उडणारा प्रवासी यापुढे वाढणार, आणि २०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थात त्यात भर पडणार. जमिनी गेल्या काकडीकरांच्या. त्यांच्या मुलांच्या वाट्याला फक्त सामान उचलणे व पार्किंगची पावती फाडणे येऊ नये, असे वाटत असेल तर राहत्या घराला लागून पाच-दहा खोल्या काढणे हा त्यांच्या आवाक्यातला मार्ग आहे.

हिशेब मांडून पाहा. दहा खोल्या, भाडे नऊशे, सरासरी निम्म्याच भरल्या तर दिवसाला साडेचार हजार आणि वर्षाला १६ लाख ४२ हजार ५०० रुपये. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जी. एस. टी. ची नोंदणी सहसा सक्तीची नाही. नोंदणी असलेल्यांचे चित्रही बदलले आहे. हजार रुपयांपर्यंतची खोली १८ जुलै २०२२ पूर्वी करमुक्त होती, त्या दिवसापासून तिच्यावर १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के झाला. मात्र गाद्यांवर, गिझरवर भरलेल्या कराची वजावट आता मिळत नाही. ज्याने नुकतीच अशी खरेदी केली त्याला ही सवलत वाटते तितकी स्वस्त पडणार नाही. कर सल्लागाराला विचारल्याशिवाय दर ठरवू नयेत.

दरावरून आठवले. बारा वाजता खोली रिकामी करण्याचा नियम दर्शनाला आलेल्या कुटुंबासाठी ठीक आहे. विमानाचा प्रवासी रात्री नऊला येतो आणि पहाटे पाचला जातो. त्याच्याकडून आठ तासांचे सहाशे घ्यावेत, दिवसा तीच खोली दुपारच्या विमानाने आलेल्याला किंवा टॅक्सीच्या चालकाला द्यावी. मालकाच्या हाती बाराशे पडतील आणि दोन्ही गिऱ्हाइकांना तीनशे वाचल्याचे समाधान. चादरी दोनदा धुवाव्या लागतील, हे खरे. जीपचे भाडे खोलीच्या पावतीवरच छापावे आणि विमानतळाचे खरे अंतर पाटीवर लिहावे. बारा किलोमीटर असेल तर बारा लिहावे. गिऱ्हाईक अंतराला भीत नाही, पहाटे कळलेल्या अंतराला भिते. प्रत्येकाचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नाव घालणे आणि परदेशी पाहुणा असल्यास चोवीस तासांत ऑनलाइन कळवणे, हे तर कायद्याचेच काम आहे. त्यात कंटाळा करून चालत नाही.

परतीचे विमान उशिरा उतरले. बाहेर येऊन आम्ही प्रथम त्या चारशेवाल्या गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, मुक्काम करायचा असेल तर माझ्या भावाने दोन खोल्या काढल्यात, पाणी पहाटे चारला तापतं."