छत्तीस गुण आणि सात पावले

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी स्थळांची चर्चा सुरू होते. वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात पोटशाखा, गोत्र, नाडी, मंगळ असे रकाने असतात. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले, तरच पुढची बोलणी. सगोत्र विवाहाची कायदेशीर आडकाठी १९४६ सालीच दूर झाली. सावरकरांनी तर बेटीबंदीला हिंदू समाजाच्या सात बेड्यांत गणले. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. तरीही रकाने तसेच आहेत आणि ‘मानपान’ हे गोंडस नाव घेऊन हुंडा वधूपित्याच्या उंबरठ्यावर येतोच.

या साऱ्यात विवाहाचा गाभा कोठे राहिला? जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे १९५५ चा हिंदू विवाह कायदाही सांगतो. त्या सातव्या पावलाला वर वधूकडे मागतो ते सख्य! मांडवात मात्र नेमकी तेव्हाच पंगतीची घाई असते.

संस्कार जपायचे, तर आधी हे पाऊल जपले पाहिजे. पत्रिका उघडण्यापूर्वी मुलीचे मन जाणून घ्यावे, ही रीत आपल्या घरापासून पडो. सख्य पंचांगात सापडत नाही.