पडद्यामागचा दिवा

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील मजकडे तक्रार घेऊन आले. मुलानें घरांतील जुना मॉनिटर उघडून त्याच्या आंतील दिवा काढून टाकला होता, आणि त्या जागीं बाजारांतून आणलेली एलईडी दिव्यांची पट्टी बसविली होती. "सर, चांगली चालती वस्तु मोडली, आणि तीही खेळासाठीं!" असें त्यांचें म्हणणें. मुलाचें म्हणणें असें कीं, आपण ती मोडली नाहीं, सुधारली. दोघांचें ऐकून घेतल्यावर मला वाटलें कीं, हा तंटा एका घरापुरता नाहीं. म्हणून तो वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम मुलाची बाजू. संगणकाच्या साध्या पडद्यावर धांवणारा चेंडू पुसट कां दिसतो? पडदा मंद असतो, असें पुष्कळांचें उत्तर. तें अंशतःच खरें आहे. साधा पडदा एका सेकंदांत 60 चित्रें दाखवितो. प्रत्येक चित्र सुमारें 16.7 मिलिसेकंद जागच्या जागीं उभें राहतें, व मग एकदम पुढें उडी घेतें. आपला डोळा मात्र उड्या घेत नाहीं. चेंडूचा माग काढीत तो एकसारखा सरकत असतो. डोळा सरकतो आणि चित्र थांबतें, त्यामुळें तें नेत्रपटलावर फांसलें जातें. चेंडू सेकंदास 960 बिंदु या वेगानें जात असेल, तर एका चित्रामागें तो 16 बिंदु सरकतो, आणि जवळजवळ तेवढाच रुंद फराटा आपणांस दिसतो. फार अल्प काळ उघडणाऱ्या कॅमेऱ्यानें त्याच पडद्याचें छायाचित्र घ्या. चेंडूच्या कडा पुष्कळ स्वच्छ येतील. मागें एखादी फिकट छाया आली, तर ती पडद्याच्या मंदपणाची. बाकीचा फराटा आपल्याच डोळ्यांतला!

जुन्या कांचेच्या नळीच्या पडद्यांत हा दोष फारसा नव्हता, कारण तेथें प्रत्येक बिंदु क्षणभर चमकून विझत असे. तोच गुण नव्या पडद्यांत आणावयाचा तर मागील दिवा सतत जळतां कामा नये. चित्र बदलत असतां अंधार, आणि तें स्थिरावलें कीं सुमारें 2 मिलिसेकंदांचा लखलखाट. मग 16 बिंदूंचा फराटा 2 बिंदूंवर येतो. एन्व्हिडिया कंपनीनें 2011 सालीं त्रिमिती चष्म्यांकरितां लाइटबूस्ट नांवाची अशीच योजना काढली होती. पुढें चष्म्यावांचूनही तिचा हा उपयोग होतो, हें खेळणाऱ्यांच्या ध्यानांत आलें.

आमच्या विद्यार्थ्यानें व्हीजीए केबलच्या 14 क्रमांकाच्या पिनेवरून नवें चित्र सुरू झाल्याची खूण घेतली, ती आर्डुइनोच्या लहानशा पाटीस दिली, आणि त्या पाटीकडून मॉस्फेटच्या द्वारें दिव्यांची पट्टी उघडझांप करविली. खूण मिळाल्यावर किती वेळ थांबावें, हें ठरविण्यांत त्याच्या चार संध्याकाळी गेल्या. तरी पडद्याच्या वरच्या भागांत दुहेरी छाया राहिलीच. कारण चित्र वरून खालीं ओळीओळीनें लिहिलें जातें, आणि सर्व ओळी एकाच वेळीं स्थिरावत नाहींत. उजेडही एकअष्टमांश झाला. सेकंदास 30 च चित्रें देणारा खेळ लावला तेव्हां तर एकाचे दोन चेंडू दिसूं लागले! हें कां, तें त्यानें मला फळ्यावर काढून दाखविलें. गेलीं वीस वर्षें मी दृष्टिसातत्याचा धडा पुस्तकांतून शिकवीत आलों आहें; फळ्यापाशीं जाऊन तो मलाच समजावून देणारा विद्यार्थी मला हा पहिलाच भेटला.

आतां वडिलांची बाजू, आणि तींत मी त्यांच्याहून कडक आहें. "मीं प्लग काढला होता," असें मुलगा छातीठोकपणें सांगत होता. परंतु 230 व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांतील मोठ्या कपॅसिटरमध्यें सुमारें 325 व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ तेथें राहूं शकतो. जुन्या मॉनिटरांतील बारीक नळीच्या दिव्यास पेटतेवेळीं हजार व्होल्टांहून अधिक दाब लागतो, आणि त्या नळींत पारा असतो. ती फुटली तर केर काढण्याइतकी ती सोपी गोष्ट नव्हे. यांतील कांहींही मुलास ठाऊक नव्हतें, आणि काम चाललें होतें रात्रीं अकरा वाजतां, घरचे निजल्यावर. शिवाय सेकंदास 60 वेळां लुकलुकणाऱ्या उजेडानें कित्येकांचें डोकें दुखतें. आणि ज्यांस उजेडाच्या लुकलुकीनें अपस्माराचा झटका येतो, त्यांस तर अशा पडद्यासमोर बसवूंच नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सेकंदास 240 चित्रें दाखविणारे पडदे आज विकत मिळतात, व त्यांत दिवा न लुकलुकतांही फराटा चौथाईवर येतो. हें खरें आहे. चांगलें चित्रच हवें असेल त्यानें पैसे सांठवून तसा पडदा घ्यावा. पट्टी चिकटविण्यांत काटकसर होते, हा भ्रम आहे. परंतु विकतच्या पडद्यानें वरच्या छायेचें कारण कोणास शोधावें लागत नाहीं, आणि मला त्या शोधाची किंमत अधिक वाटते. म्हणून पालकांनीं रागावून पेंचकस काढून घेऊं नये. भंगारांत निघालेला मॉनिटर द्यावा, विजेच्या पुरवठ्याची पाटी जाणत्या माणसाकडून झांकून घ्यावी, पट्टीस बाहेरचा 12 व्होल्टचा बंद ॲडॉप्टर लावावा, आणि कोणीतरी मोठें माणूस शेजारीं बसावें. त्या माणसास कांहीं कळत नसलें तरी चालेल. मलाही कळत नव्हतें.

तो मॉनिटर सध्यां आमच्या प्रयोगशाळेंत आहे. वडील एके दिवशीं येऊन पाहून गेले. सरकत जाणारीं अक्षरें त्यांनीं दिवा सतत ठेवून एकदां, आणि लुकलुकता ठेवून एकदां, अशीं दोनदां वाचलीं. कांहीं बोलले नाहींत. जातां जातां मात्र मुलास म्हणाले, "घरचा नवा उघडायचा नाहीं."