गुठळीचा हिशेब एकतर्फी नको



२०२४ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधील न्यायालयात आपल्या कोव्हिड लशीचा (आपल्याकडची कोव्हिशिल्ड) अतिदुर्मीळ दुष्परिणाम मान्य केला, तेव्हापासून कोणालाही पक्षाघात झाला की तो कोव्हिशिल्डच्या खात्यावर टाकायची रीत पडली आहे. या सदरातली पत्रेही तोच सूर लावतात. दुष्परिणाम खरा आहे. त्यात प्लेटलेट्स घटतात आणि तरीही, अनेकदा मेंदूच्या शिरांमध्ये, गुठळ्या होतात. तो लपवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण ज्या विषाणूसाठी ही लस टोचली, तो या हिशेबातून सुटतो कसा?

इंग्लंडमधील सुमारे २.९ कोटी लसवंतांच्या नोंदी तपासलेला अभ्यास ऑगस्ट २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. मेंदूच्या शिरांतील गुठळ्यांचे जादा रुग्ण दर एक कोटीमागे याच लशीच्या पहिल्या डोसनंतर ७, तर कोव्हिड झाल्यानंतर २० निघाले. सात आणि वीस, फार अंतर नाही, असे कोणी म्हणेल. मग धमनी तुंबून होणारा पक्षाघात पाहा: कोव्हिडनंतर दर कोटीमागे सुमारे १,७०० जादा रुग्ण! विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज आणतो, रक्त गोठण्याची क्रिया बेफाम होते. २०२० च्या वसंतात न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांत दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतले पाच जण मोठी धमनी तुंबून आले. त्यांतल्या दोघांनी तर रुग्णालयाच्याच धास्तीने उशीर केला होता.

आपल्याकडे उशीर होतो तो वेगळ्या कारणाने. ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला, असे घरचे धरून चालतात. नंतर डोके ठणकू लागले की ‘अशक्तपणा असेल’, ‘पित्त झालं असेल’ म्हणत गोळी दिली जाते. शिरेतली गुठळी साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही; तिच्यासाठी व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांची खास तपासणी, लागते, आणि ती सांगायला डॉक्टरांच्या मनात आधी शंका यावी लागते.

म्हणून मागणी साधी आहे. कोव्हिडच्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर मराठीत छापावे: वाढत जाणारी, आडवे झाल्यावर बळावणारी डोकेदुखी, अंधूक दिसणे, फिट येणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. लशीवर वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्यांनी आरोग्य खात्याकडे एवढे तरी मागावे.

— एक वाचक, सातारा