सर्पदंशाला बाजार नाही

वैद्यकीय तंत्रज्ञान हा सध्या गुंतवणूकदारांचा आवडता विषय आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर केले, तेव्हा ११ अब्ज डॉलरचा हा उद्योग पाच वर्षांत ५० अब्ज डॉलरपर्यंत जाईल, अशी अपेक्षा व्यक्त झाली. एक्स-रे वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, ईसीजी काढणारे मनगटी घड्याळ, शस्त्रक्रियेला मदत करणारा रोबो, या सगळ्यांत पैसा येतो आहे. मी सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, त्यामुळे या प्रगतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न एवढाच की, कोणत्या आजाराला 'वाढती बाजारपेठ' म्हणायचे आणि कोणत्या नाही, हे ठरते कसे?

आमच्या जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचे आणे पठार घ्या. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, आनंदवाडी ही पावसाच्या भरवशावर जगणारी गावे. जुन्नरला पाच धरणांचा तालुका म्हणतात, पण ते पाणी पठारावर चढत नाही. आरोग्याच्या नव्या तंत्रज्ञानाचेही तसेच आहे. शेतात, गोठ्यात किंवा जमिनीवर झोपलेल्या माणसाला साप चावला, तर घाट उतरून बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव अशी धावपळ करावी लागते. त्या वेळी घड्याळातला ईसीजी कामाचा नसतो. कामाची असते ती प्रतिविषाची कुपी आणि ती द्यायला न घाबरणारा डॉक्टर.

हा प्रश्न छोटा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या शेतीच्या हंगामातले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला प्राधान्याच्या दुर्लक्षित आजारांत स्थान दिले ते २०१७ मध्ये.

प्रतिविष बनवण्याची मूळ पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे काढून घ्यायची. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. त्यासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे एका भागातल्या विषावर बनवलेले औषध दुसरीकडे तितकेच प्रभावी ठरेल, असे नाही.

मग नवे संशोधन होत नाही का? होते. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेतील संशोधकांनी नाग, मण्यार यांसारख्या सापांच्या विषातील एका घातक गटावर चालणारे प्रतिपिंड प्रयोगशाळेत तयार केले. त्यात घोड्याची गरज नाही. २०२५ मध्ये नोबेल विजेते डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर रचलेल्या प्रथिनांनी अशाच विषापासून उंदरांना वाचवले. माझ्यासारख्याला हे वाचून आनंद होतो. पण उंदरापासून आरोग्य केंद्रातल्या कपाटापर्यंतचा रस्ता लांब आणि खर्चिक असतो. त्या रस्त्यावर पैसा घालणारा आधी विचारतो, विकत घेणार कोण? आफ्रिकेतल्या सापांवरचे 'फाव-आफ्रिक' हे चांगले प्रतिविष सनोफी कंपनीने २०१४ मध्ये बनवणे थांबवले. साप कमी झाले नव्हते, धंदा परवडत नव्हता.

आपल्या मातीतले अनुभव मात्र वेगळे काही सांगतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून असंख्य जीव वाचवले. त्यासाठी कोणतीही बाजारपेठ वाढावी लागली नाही. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण बरे केले आणि गावोगावी प्रबोधनही केले. नवे तंत्रज्ञान गरजेच्या जागेवरून सुरू झाले, तर ते असे दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे की, आण्याचा शेतकरी बाजाराच्या दृष्टीने मोठा ग्राहक नसेल, पण तो नागरिक आहे. जिथे ग्राहक नाही तिथे खरेदीदार सरकारने व्हायचे असते. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. नवे प्रतिविष कसोटीला उतरले तर इतक्या कुप्या घेऊ, अशी लेखी हमी सरकारने आधीच दिली, तर संशोधकांना आणि उत्पादकांना आधार मिळेल. महाराष्ट्राकडे हाफकिन ही स्वतःची कंपनी आहे. महाराष्ट्रातल्या सापांच्या विषावर काम करायला यापेक्षा योग्य जागा कोणती?

दुसरी मागणी फुकटात होण्यासारखी आहे. राज्यातल्या सरकारी औषधसाठ्याच्या नोंदी 'ई-औषधी' या संगणक प्रणालीत ठेवल्या जातात. कोणत्या केंद्रात आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, एवढा एक तक्ता लोकांसाठी खुला करावा. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात, त्यामुळे 'साठा आहे' एवढे उत्तर पुरत नाही. असा तक्ता बनवणे आमच्या व्यवसायात काही दिवसांचे काम आहे. अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

उरलेले काम आपले. साप चावल्यावर विष उतरवायला देवळात, दर्ग्यात किंवा मांत्रिकाकडे नेण्यात जो तास जातो, तोच बहुतेकदा जीव घेतो. जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, माणसाला शक्यतो न हलवता थेट दवाखाना गाठायचा. हे रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीला सांगता येईल आणि जुम्याच्या नमाजला जमलेल्यांनाही सांगता येईल. आणि पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा: आपल्या केंद्रात आज किती कुप्या आहेत? उत्तर लेखी मागा.