शड्डू आणि डाव

'व्हिडिओ गेम' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "पोरं वाया गेली." पोरं म्हणतात, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" याच्या पलीकडे बोलणे जात नाही. कादंबरीवर चर्चा होते, नाटकावर होते, सिनेमावर तर चहाच्या टपरीवरही होते. मग ज्या गोष्टीत आपले कितीतरी वर्गबंधू तासन्‌तास रमतात, तिच्यावर कला महाविद्यालयाच्या वार्षिकात दोन पाने का असू नयेत?

एक खुलासा आधी करतो. पैसे लावून मोबाईलवर खेळली जाणारी रमी हा माझा विषय नाही. तो जुगार; २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या अशा खेळांवर बंदी घातली, हे उत्तमच झाले. त्याच कायद्याने इतर खेळ मात्र वेगळे काढले आहेत. तो फरक आपणही करायला शिकले पाहिजे.

१ ते ४ मे २०२५ या चार दिवसांत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'वेव्हज' नावाचा मोठा मेळा भरला. चित्रपट, ॲनिमेशन आणि गेम यांचा हा व्यापारी मेळा. त्या निमित्ताने, गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जाहीर झालेल्या गेमच्या झलका मी मोबाईलवर एकामागून एक पाहिल्या. अशा मेळ्यांची रीत अशी, की गेम पुरा झालेला नसतो. त्याची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत दाखवतात. तिला ट्रेलर म्हणतात. लॉस एंजेलिसला १९९५ पासून 'ई-थ्री' हा असाच मेळा भरत असे; २०२३ मध्ये तो कायमचा बंद झाल्याचे जाहीर झाले. जर्मनीतल्या कोलोनचा 'गेम्सकॉम' आजही भरतो. पत्रकार, व्यापारी आणि शौकीन तिथे जमतात आणि त्या दोन मिनिटांवरून मत बनवून मोकळे होतात.

मित्रहो, आपल्या गावाच्या नावातच आखाडा आहे. तेव्हा हा प्रकार आपल्याला नवा वाटू नये. जत्रेतल्या फडात पैलवान उतरतो, मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो आणि सारा फड दणाणतो. अंगावर शहारा येतो, हे खरे. पण जाणता माणूस शड्डू ऐकून पैज लावत नाही. तो पाहतो, की याच्याजवळ डाव कोणता आहे? इनाम डावाला मिळते, थापेला नाही.

ट्रेलर हा शड्डूच असतो. 'सायबरपंक २०७७' या पोलंडमध्ये तयार झालेल्या गेमने २०१८ आणि २०१९ च्या ई-थ्रीमध्ये जगाला वेड लावले. डिसेंबर २०२० मध्ये तो बाजारात आला, तो चुकांनी इतका भरलेला, की आठवड्याभरातच सोनीला तो आपल्या दुकानातून काढून घ्यावा लागला. पुढे दुरुस्त होऊन तो परत आला, ही गोष्ट निराळी. उलटही घडते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका जुन्या गेमचे नवे रूप करण्याचे काम युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची झलक आली आणि चित्रे जुनाट दिसतात म्हणून जगभर टीकेची झोड उठली. प्रकाशन लांबत गेले. २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो गेम रद्दच केला. म्हणजे शड्डू दणदणीत निघाला तरी कुस्ती फसते. आणि शड्डू हलका निघाला तर कुस्ती लागण्याआधीच प्रेक्षक उठून जातात!

आता आपल्या खेळांकडे वळू. पहिल्या नजरेत जे जाणवले ते सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितल्या आहेत, भिंतींवर पहाडी शैलीची चित्रे आहेत. मन प्रसन्न झाले. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्याच्या नावनोंदणीचा आकडा त्याआधीच एक कोटीवर गेला होता. 'द एज ऑफ भारत' या जाहीर झालेल्या गेमशी तर अमिताभ बच्चन आणि लेखक अमीश त्रिपाठी यांची नावे जोडलेली आहेत. देवळे, शिल्पे, शंख, दागिने, देवदेवता यांची चित्रांत काही उणीव नाही. छाती अभिमानाने फुगते.

पण अभिमान ओसरल्यावर प्रश्न उरतो. डाव कोणता? 'इंडस'मध्ये अनेकांनी एका बेटावर उतरायचे आणि शेवटचा उरेल तो जिंकला, हा डाव आपण पबजीत केव्हाच पाहिला आहे. 'राजी'तली त्रिशूळाची झुंजही परदेशी साहसी खेळांच्या वळणाची आहे. पोशाख आपला, डाव परका, असे माझे पहिले मत झाले. मुंबईच्या एका स्टुडिओचा 'मुक्ती' मात्र वेगळा वाटला. त्यात संग्रहालयातून फिरत मानवी तस्करीची गोष्ट उलगडत जायची आहे. तिथे निदान हाणामारीऐवजी शोध हा डाव आहे.

कोणी म्हणेल, लेका, आधी दुसऱ्याचे डाव शिकल्याशिवाय स्वतःचे सुचतात का? शिवाय असा गेम करायला वर्षे जातात आणि भांडवल लागते. नवा प्रयोग फसला तर भरपाई कोण देणार? या म्हणण्यात तथ्य आहे. माझा आक्षेप शिकण्याला नाही, तिथेच थांबण्याला आहे. आपल्याजवळ डावांची वाण नाही म्हणून तो आहे. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट पाहा. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो. तिथे तत्त्वज्ञान चित्रात नाही, नियमात आहे. खेळता खेळता ते अंगी उतरते. हा पट इंग्रजांनी नेला, त्यातले तत्त्वज्ञान हळूहळू गळाले आणि 'सापशिडी' तेवढी उरली.

आपल्याच जिल्ह्यातली आख्यायिका घ्या. औंढा नागनाथाच्या देवळापुढे नामदेव कीर्तन करत होते. त्यांना तिथून हटवले, ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गेम करणाऱ्याच्या नजरेने ती पुन्हा ऐका. दार बंद झाले तर ते फोडायचे नाही. आपण असे गायचे, की दारानेच आपल्याकडे वळावे. तलवार नाही, बंदूक नाही, आणि तरी केवढा डाव! जगातल्या कोणत्या मेळ्यात असा खेळ आला तर प्रेक्षक उठून जातील?

आणि हा डाव शोधून काढणे केवळ संगणकवाल्यांचे काम नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. आज्ञावली ते लिहितील, चित्रे चित्रकार काढतील. पण गोष्टीच्या पोटात दडलेला नियम ओळखायला लोककथा, संतवाङ्मय, इतिहास आणि बोली ठाऊक असावी लागते. म्हणजे आपला अभ्यासक्रम! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केले आहे. त्यातून उद्या कामे निघतील, तेव्हा कला शाखेचा विद्यार्थी आखाड्याबाहेर उभा राहून टाळ्याच वाजवणार काय?

प्राध्यापक महोदयांना विनंती आहे, की मराठीच्या आणि इतिहासाच्या प्रकल्पांत एक प्रकल्प असा द्यावा: आपल्या भागातली एक दंतकथा घ्या आणि तिच्यातून खेळाचे पाच नियम काढा. संगणक लागत नाही. फरशीवर खडूने आखले तरी भागते. आणि मित्रहो, पुढच्या मेळ्याची झलक मोबाईलवर येईल तेव्हा खुशाल शिट्ट्या मारा, अंगावर शहारा येऊ द्या. फक्त शेजाऱ्याला एवढे विचारा, की शड्डू ऐकला, आता डाव कोणता?