साडेपंधरा महिन्यांचे राज्य

राज्ये जितकी लहान, तितके शासन लोकांच्या जवळ, हे वाक्य आपल्याकडे सुभाषितासारखे म्हटले जाते. ते म्हणणाऱ्यांनी दक्षिण सुदानमधील ‘ईस्टर्न नाईल’ या राज्याची हकीकत एकदा वाचावी. हे राज्य २ ऑक्टोबर २०१५ रोजी जन्मले आणि १४ जानेवारी २०१७ रोजी संपले.

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा त्याची दहा राज्ये होती. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे पदच्युत उपाध्यक्ष रिएक माचार यांच्या गटांत यादवी पेटली. ऑगस्ट २०१५ मध्ये तह झाला, तो दहा राज्ये गृहीत धरून. सत्तेची वाटणी त्याच हिशेबाने ठरली होती. शाई वाळते न वाळते तोच कीर यांनी एका हुकमाने दहांची अठ्ठावीस राज्ये केली. संसदेचा शिक्का नंतर, नोव्हेंबरात उमटला. आयोग नाही, सुनावणी नाही, सीमेवरच्या गावाला विचारणे नाही.

समर्थक म्हणतात, संघराज्याची मागणी जुनीच होती. खरे आहे, सुदान स्वतंत्र होण्याच्या आधीपासून दक्षिणेकडचे पुढारी ती करीत आले. माचार यांच्या पक्षानेही ब्रिटिशकालीन जिल्ह्यांच्या आधारे एकवीस राज्यांचा आराखडा पुढे केला होता, तेव्हा विरोधकांचे हातही अगदी स्वच्छ नव्हते. पण संघराज्य म्हणजे काय? ज्या राज्याचा गव्हर्नर राजधानीतून नेमला जातो आणि राजधानीतूनच काढला जातो, ज्याची तिजोरी जुबाहून येणाऱ्या पैशावर चालते, त्याला राज्य म्हणणे हा भाषेचा अपमान आहे. वेळही कोणती साधली! तेलाचे भाव कोसळलेले, डिसेंबर २०१५ मध्ये चलन मोकळे सोडताच त्याची किंमत गडगडलेली, नोकरांचे पगार महिनोन् महिने थकलेले. दहा राज्ये पोसवेनात, तेथे अठ्ठावीस गव्हर्नर, त्यांची मंत्रिमंडळे आणि त्यांच्या मोटारी!

मग हे केले कशासाठी? उत्तर मलाकाल शहरात मिळते. पांढऱ्या नाईलच्या काठावरचे हे शहर जुन्या अप्पर नाईल राज्याची राजधानी. शिलुक लोक ते आपले मानतात. पदांग डिंका लोकही मानतात. हुकमाने अप्पर नाईलचे तीन तुकडे झाले. शिलुकांना पश्चिम काठावरचे राज्य मिळाले. मलाकाल मात्र डिंकाबहुल ईस्टर्न नाईलमध्ये गेले, आणि मेलुतकडची तेलक्षेत्रेही तिकडेच. स्वतः कीर डिंका आहेत, हे येथे सांगितलेच पाहिजे.

फेब्रुवारी २०१६ च्या आरंभी नव्या राज्य सरकारने शिलुक आणि नुएर कर्मचाऱ्यांना नोकरीतून दूर केले. त्याच महिन्याच्या १७ आणि १८ तारखांना, शहराबाहेरच्या संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत, जेथे सुमारे ४७,००० निर्वासित आश्रयाला होते, सशस्त्र माणसे शिरली. त्यांतले काही सरकारी सैन्याच्या गणवेशात होते. तीसच्या आसपास माणसे मारली गेली. शिलुक आणि नुएर यांच्या झोपड्या जळाल्या, डिंकांचा भाग बहुतांशी शाबूत राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीने शांतिसैनिकांच्या दिरंगाईवर ठपका ठेवला, आणि त्या तुकड्यांत इथिओपिया व रवांडाबरोबर भारताचीही तुकडी होती. आपल्या वृत्तपत्रांत याची वाच्यता फारशी झाली नाही.

सीमाभागातल्या वाचकांना १९५६ ची जखम आठवेल. तुलना जपूनच करावी. आपल्याकडे आयोग बसला, अहवाल आला, संसदेत कायदा झाला. निर्णय अन्यायाचा वाटला तरी त्याच्याशी भांडायला कागद आहे, न्यायालय आहे. मलाकालच्या शिलुक कारकुनाने कोणत्या कागदाशी भांडायचे होते?

हे सारे नवखेपणातून झाले, असेही म्हणता येत नाही. १९८३ मध्ये निमेरी यांनी असाच हुकूम काढून दक्षिण प्रदेशाचे तीन तुकडे केले होते. बारी भाषेत त्या विभागणीला ‘कोकोरा’ म्हणतात. १९७२ चा अदिस अबाबा करार त्याने मोडला आणि त्याच वर्षी सुरू झालेले दुसरे युद्ध २००५ पर्यंत चालले. त्या युद्धात निमेरींच्या राजवटीविरुद्ध लढलेल्यांतच कीर होते. निमेरींचे हत्यार त्यांनी कोठून उचलले, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण मानील?

जानेवारी २०१७ मध्ये अठ्ठाविसांची बत्तीस झाली. त्यात ईस्टर्न नाईलही फाडले गेले. मलाकाल एका तुकड्यात, उत्तरेचे रेंक दुसऱ्यात. २०१८ च्या नव्या तहाने सीमा आयोग नेमला, त्याला काही ठरवता आले नाही. अखेर १५ फेब्रुवारी २०२० रोजी कीर यांनी पुन्हा दहा राज्ये जाहीर केली, आणि त्यांच्या जोडीला रुवेंग, पिबोर व अब्येई हे तीन प्रशासकीय प्रदेश. बहुतेक राज्यांना त्याच वर्षाच्या मध्याला गव्हर्नर मिळाले. अप्पर नाईलला जानेवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले, कारण विरोधकांनी सुचवलेला शिलुक सेनानी कीर यांना मान्य नव्हता. मलाकालची छावणी उठली नाही. जून २०२३ मध्ये तेथेच शिलुक आणि नुएर एकमेकांवर तुटून पडले.